शिवलेली पानं

देवळाली कॅम्पात जवानांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या सोपान टेलरच्या पंधरा वर्षांच्या पोरीला, निकिताला, शाळेतल्या मॅडमनी एक गाजलेली जुनी कादंबरी विकत घ्यायला लावली. सोपानने आधी स्वतः निम्मी वाचली आणि त्याला घाम फुटला. खून, मारझोड, वर एक फाशी! मॅडमना नाही म्हणवेना आणि पोरीला वाचू देववेना. मग त्याने ती भयंकर पानं एकत्र धरली, शिलाई मशीनच्या सुईखाली घातली आणि खाकी दोऱ्याने सरळ शिवून टाकली.

“उघडी आहेत तेवढीच वाचायची,” त्याने बजावलं.

आठवड्याने निकिताने पुस्तक वाचून आणून दिलं. सोपानने पानं चाळली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“निके, ही शिलाई माझी नाही. माझी अशी नागमोडी जात नाही.”

“उसवून वाचलं, पप्पा. मग तुमच्याच मशीनवर परत शिवलं.”

“अगं! भीती नाही वाटली?”

“वाटली ना. दोन दिवस मम्मीला चिकटून झोपले.”

सोपान पुस्तकाच्या शेवटाकडे आला. “आणि ही शेवटची पानं कुणी शिवली? मी तर तिथवर वाचलंच नव्हतं.”

“ती मी शिवलीत, तुमच्यासाठी. उसवू नका हां.”

“का? अजून कुणाला मारतात?”

“नाही. मुलगी बापाला सोडून परगावी शिकायला जाते. तुम्हाला नाही झेपणार.”