पिंपाचं झाकण

अंगणातल्या स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडाचे कोवळे शेंडे घालून मी घरी बिअर केली. हवा लागली की ती बिघडते, म्हणून आधी पिंपातली हवा कार्बन डायऑक्साइडने हाकलली, मगच बिअर भरली. घरगुती बिअरच्या स्पर्धेपर्यंत पिंप माझ्या जिवलग मित्राच्या, लाइलच्या, थंड तळघरात होतं. स्पर्धेसाठी ते युजीन शहरात आणलंही त्याच्याच गाडीतून.

परीक्षक बाईंनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "ओल्या पुठ्ठ्याची चव! मध्येच झाकण उघडलं होतंत ना?"

"अरे येड्या, एवढं साधं कळत नाही तुला?" लाइलने माझ्या पाठीवर थाप मारली.

लाइलनेही आपली बिअर स्पर्धेत ठेवली होती; पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. मी ती चाखली, तर तिला माझ्याच स्प्रूसचा वास.

 

माइकवर तो सांगत होता, "विशेष काही नाही हो, बिअरला वारासुद्धा लागू द्यायचा नाही!"