दाराकडची गादी

"दाराकडची गादी माही," सुभद्राबाईंनी सांगून टाकलं आणि आपली उशी तिच्यावर आपटली.

दार म्हणजे रांगोळीच्या रेघेत सोडलेली हातभर फट. त्यांच्या सुनेनं, सीमानं, सकाळी मोबाइलमध्ये बघून जहाजातली खोली बैठकीच्या फरशीवर उतरवली होती. पांढऱ्या रेघांच्या भिंती, कोपऱ्यात बाथरूम, खाली दोन गाद्या. वरचे दोन पलंग तिचे आणि गोपालचे. ते रांगोळीत दाखवता येईनात, म्हणून नवरा-बायको बाजूच्या सोफ्यावर बसले होते. अकोल्याच्या जुन्या शहरात लक्षद्वीपचं जहाज असं निम्मं का होईना, लागलं होतं.

सहलीत कोण कुठे झोपणार, हे अमरावतीच्या ट्रॅव्हलवाल्याला संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दोघादोघांच्या दोन खोल्या सुभद्राबाईंनी केव्हाच मोडीत काढल्या होत्या. "यायले रात्री मी एकटी कशी सांभाळू?" असं त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवून विचारलं आणि गोपालनं मुकाट्यानं चौघांची एक खोली धरली. उघडणारी खिडकी नको, हेही त्यानं ऐकलं. आता घोडं अडलं होतं ते दारापाशी.

"आई, दाराकडं बाबाच बरे," गोपाल म्हणाला. "बाथरूम तिकडंच हाय."

"अन् बाथरूमच्या नावानं बाहेर गेले तं? चारी बाजूनं पाणी राहीन, गोपाल! मोर्नेचा पूल नाई तो."

मोर्ना म्हणजे गावातली नदी. दिवाळीनंतरच्या एका पहाटे सूर्यभानराव झोपेतून उठून थेट नदीकडे गेले होते. सुभद्राबाईंना भान आलं तेव्हा दोघंही पुलावर उभी होती. ते बनियनवर, अनवाणी, धापा टाकत. आपण कोणत्या गल्लीतून त्यांच्यामागे धावलो, हे सुभद्राबाईंना आजही सांगता येत नसे. त्यानंतर गोपालनं घराच्या दाराला वरच्या अंगाला एक कडी बसवून घेतली. दूधवाला आला की सुभद्राबाईंना स्टूल ओढावं लागे. आजकालच्या पोरांना मापं कळत नाहीत, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

"तुमी सांगा ना याले," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

सूर्यभानराव गादीवर पडून अंदाज घेत होते. त्यांचे पाय गादी ओलांडून भिंतीच्या रेघेपर्यंत पोचले होते. "मी हिंडतो, हे खरं हाय," ते म्हणाले. "पण मले दारापाशीच झोप लागते. वारा येते."

"बोटीतल्या बंद दारातून कुठचा वारा येते?"

सीमाला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. सूर्यभानराव मात्र हटेनात. एरवी चहात साखर कमी पडली तरी न बोलणारा हा माणूस आज इतका का अडून बसला, हे सुभद्राबाईंना कळेना.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमच्याच मनासारखं होऊ द्या. झोपा तुमी दाराकडं, मी आतमंदी. सीमा, दार लाव. गुलाबी रांगोळीनं, चांगलं जाड. हे झोपेत उठले तं रांगोळी मोडन. मंग बोला माह्याशी."

सीमानं सासऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिनं गुलाबी रांगोळीची मूठ भरून फट बुजवून टाकली.

तरीही सुभद्राबाईंना धीर निघेना. त्यांनी पदराचं टोक ओढलं आणि नवऱ्याच्या उपरण्याला गाठ मारली, लग्नात मारली होती तशी.

"आता सुटन काय हे?" सूर्यभानरावांनी हसत विचारलं.

"तुमी सोडली नाई तं नाई सुटनार."

सीमा स्वयंपाकघरात आवरायला गेली. गोपाल सोफ्यावर आडवा झाला आणि जेवण अंगावर आल्यामुळे लगेच घोरू लागला. सुभद्राबाई नवऱ्याच्या पाठीकडे बघत पडून राहिल्या. जहाजावरच्या सगळ्या खोल्यांची दारं म्हणे एकसारखीच असतात. हा माणूस उघड्या अंगानं त्या दारांमधून हिंडतोय आणि पुढे काळं पाणी आहे, असं त्यांना दिसत राहिलं. जाऊच नये, असंही एकदा वाटलं. मग पंख्याच्या आवाजात कधीतरी डोळा लागला.

जाग आली तेव्हा गोपाल आणि सीमा रांगोळीच्या बाहेर उभे होते. सीमाचे हात पिठाचे होते. सूर्यभानराव गादीवर बसले होते आणि त्यांचा श्वास अजून खाली बसला नव्हता. गाठ सुटलेली होती.

सुभद्राबाई ताडकन उठून बसल्या. गुलाबी रेघ पार विस्कटली होती. तिथून निघालेली गुलाबी पावलं घराच्या दारापर्यंत गेली होती आणि फिकट होत परत आली होती. दारापाशी स्टूल होतं. वरची कडी निघालेली होती.

"पाहा!" त्या ओरडल्या. "पाहा, मी म्हणत नोती? भर दुपारी! तुमी गेलते ना?"

सूर्यभानरावांनी लेकाकडे एकदा पाहिलं.

"गेलतो," ते म्हणाले. "चुकलं माहं."

"आता तरी पटलं काय, गोपाल? दाराकडं मीच झोपीन."

सीमानं तोंड फिरवलं. सुभद्राबाईंचा राग पाहता पाहता विरघळला आणि त्यांना रडूच आलं. केवढा खंबीर माणूस आणि काय होऊन बसलं! त्यांनी नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "मी हाय ना."

"हो," सूर्यभानराव म्हणाले. "पाय कर इकडं."

"अहो, काहून? माहे पाय काय धरून राहिले तुमी, पोरांसमोर?"

त्यांनी उशाचा तांब्या जवळ ओढला. उपरण्याचा कोपरा त्यातल्या पाण्यात बुडवला, बायकोचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि तिच्या तळव्यांची गुलाबी रांगोळी पुसू लागले.