हिरव्या बादलीचा डाग

जगात अमर गोष्ट एकच, ती म्हणजे प्लास्टिक. हा सिद्धांत मी आयुष्यभर मांडत आलो आणि बायको आयुष्यभर एवढंच म्हणत आली, “अहो, आधी बादली भरा.”

गेल्या महिन्यात तिने माझी लाडकी हिरवी बादली परस्पर भंगारात दिली. मी कधीतरी गरम इस्त्री टेकवल्यामुळे बादलीच्या काठावर त्रिकोणी डाग पडला होता. म्हणे, चारचौघांत लाज वाटते.

नवी लाल बादली आली. आठवड्यात काठावर तोच त्रिकोण उमटला. मी तडक दुकान गाठलं.

“काका, जुनं प्लास्टिक वितळवूनच नवं करतात,” दुकानदार हसला. “पण त्यात डागही वितळतो हो!”

त्याने बादली बदलून दिली. मग त्रिकोण कंगव्यावर आला. मग चष्म्याच्या काडीवर. बोट लावलं, तर गरम.

“बादली रागावली असेल,” बायको कुजबुजली. “माफी मागा तिची.”

“भंगारात तू दिलीस!”

“आणि चटका कुणी दिला?”

मी वाद घालायला तोंड उघडलं, आणि टाळू चर्रकन भाजली. घाईने कवळी काढली. आतल्या बाजूला त्रिकोण होता.

बायकोने ती उजेडात धरून नीट न्याहाळली.

“अहो, नळ जाईल आता,” ती म्हणाली. “तेवढी बादली भरता का?”