लिओनीचं दार

फिजीतल्या खेड्यात स्वयंसेविका म्हणून दोन वर्षं शिकवून माझी बायको लिओनी ऑस्ट्रेलियात, आमच्या बॅलरॅटला परतली, त्याला जमाना झाला. तिथली सवय मात्र सुटली नाही. जेवायला बसलं की दार सताड उघडं ठेवायचं, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची, “या, जेवायला या!” लोक हसून हात हलवून सटकतात. “अगं, हे तुझं बेट नव्हे. सूप गार पडतंय,” मी रोज कुरकुरतो. “कोट घाल,” ती म्हणते. काल समोरचा डेस कुत्र्याला घेऊन चालला होता. बायको वारल्यापासून तो कुणाशी बोलत नव्हता. लिओनीनं हाक मारली. तो फाटकाशी थांबला. “रोज बोलावता, ते खरंच ना?” “मग काय, गंमत वाटली?” ती ताटली मांडत म्हणाली. आत आल्यावर तो दार लावायला वळला. “राहू दे,” मी म्हणालो, “अजून कुणी येईल.”