पात्रपरिचय

थोरला भाऊ अपघातात गेल्यावर महिनाभर घरी बसलेली ती मुलगी आज पुन्हा शिकवणीला आली. परीक्षा तोंडावर होती. पोरीच्या जिवाला ताण नको म्हणून बाईंनी मुद्दाम सोपा धडा काढला, कथेचे घटक. कथानक झालं, संघर्ष झाला आणि गाडी पात्रांवर आली.

"बाई, मुख्य पात्र कोणतं ते ओळखायचं कसं?"

"अगदी सोपं आहे. ते काढून टाकलं की गोष्ट पुढे सरकतच नाही. गौण पात्राचं तसं नसतं. ते नसलं तरी कुणाचं फारसं अडत नाही. आता तू एक उदाहरण दे बघू."

पुस्तकातल्या एखाद्या गोष्टीतलं नाव येईल, असं बाईंना वाटलं होतं.

"मुख्य पात्र म्हणजे आमचा दादा," ती म्हणाली. "तो गेल्यापासून आई अंथरुणातून उठलेली नाही. बाबांच्या शिलाई मशीनवर एका बाहीचा शर्ट तसाच पडून आहे. गिऱ्हाईक येतं आणि न बोलता परत जातं."

तिच्या पाठीवर हात ठेवून बाई म्हणाल्या, "अगं, पण त्या घरात तूही आहेस ना?"

"आहे की," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "लोक भेटायला येतात तेव्हा दार मीच उघडते. ते विचारतात, आई कुठे आहे? मग मी त्यांना आतली खोली दाखवते."