पंधरावर थांबलेला काटा

“परत पंधराच?” बायडाबाईंनी विचारलं.

“पंधराच, आजी. तीन दिवस वाढलेलं नाही. चांगलंच आहे की ते,” विनोदिनी म्हणाली. सांगलीतल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम तिचं. बायडाबाईंचा पाच दिवसांचा नातू वरच्या मजल्यावर, बाळांच्या दवाखान्यात निळ्या दिव्याखाली होता. कावीळ विसाच्या वर गेली तर सगळं रक्त बदलायचं, नाहीतर मेंदूला धोका, असं डॉक्टर सुमंतांनी बजावून ठेवलं होतं.

“मग माजंच डोळं फुटलं असत्याल,” म्हातारी म्हणाली. “पयल्या दिशी नुसतं तोंड पिवळं हुतं. काल पोट. आज तळपाय हळदीवानी झाल्यात. दूध वढंना झालंय पोरगं. आन् तुमचं यंत्र आपलं जाग्यावरच बसलंय!”

विनोदिनीला राग आला. बारा वर्षांत तिची चूक कुणी काढली नव्हती. तिने यंत्राकडे पाहिलं. खंडेनवमीला पूजा करताना नारळ निसटला आणि रक्ताची नळी ठेवायच्या खाचेवरचं झाकण फुटलं, त्याला आज आठ दिवस. नवं पुण्याहून यायचं होतं. झाकण धुळीसाठी असतं, अशी तिची समजूत. खिडकीतून दहाचं ऊन सरळ त्या उघड्या खाचेत उतरत होतं.

ती जराशी थबकली. यंत्र नळीतून उजेड सोडायचं. जितकी कावीळ जास्त, तितका उजेड पलीकडे कमी पोचायचा. तिने एक रिकामी नळी घेतली, दौतीतली काळी शाई भरली आणि खाचेत ठेवली. शाईतून कसला उजेड जातोय? काटा पार टोकाला जायला हवा होता.

काटा पंधरावर थांबला.

तिने खिडकी लावली, बाळाची नळी पुन्हा खाचेत ठेवली आणि वर एक रिकामा डबा पालथा घातला. काटा हलला. अठरा. बावीस. सव्वीस.

“आजी, वर पळा! रक्त द्यायला माणसं गोळा करा.”

तिने फोन उचलला. “डॉक्टर, बायडाबाईंच्या नातवाची कावीळ सव्वीस आहे. बाहेरचा उजेड यंत्रात शिरत होता. कावीळ कितीही असो, पंधराच्या वर काटा जातच नव्हता.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“विनोदिनीबाई,” डॉक्टर सावकाश म्हणाले, “शिराळ्याहून आलेल्या त्या दुसऱ्या बाळाचंही आपण पंधराच सांगितलं होतं ना? वाढत नाही म्हणून मी त्याला काल घरी सोडलं.”