चिठ्ठीत नसलेलं वाक्य

"थोडा विचार करून," दुकानदार झालेला मुलगा चिठ्ठी पाहत म्हणाला, "माझ्या मते मैदानावर गाड्याच लावाव्यात."

बाईंनी कपाळावर हात मारला. ‘थोडा विचार करून’ ही सूचना होती. कंसात लिहिली होती. वाचायची नव्हती, करायची होती. पण नववीच्या वर्गाला कंस दिसेल तर शपथ.

शेवटच्या बाकावर मुख्याध्यापक घड्याळ काढून बसले होते. पोरांनी शहराची सभा भरवून नागरिकशास्त्र शिकायचं, हा शुक्रवारचा तास बाईंनी भांडून मिळवला होता. "आज मुलं आपणहून बोलली तर ठेवू," ते म्हणाले होते, "नाहीतर तास गणिताला." आणि ही मुलं! मधल्या सुट्टीत छप्पर उडवतात, वर्गात बोला म्हटलं की मिठाची गुळणी. म्हणून तर ‘शहरातलं मैदान खेळायला की गाड्यांना’ या आजच्या विषयावर बाईंनी चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. कुणी कोण व्हायचं, काय म्हणायचं, कुठे अडखळायचं, सगळं.

"ड्रायव्हर, जरा मोठ्याने. आजोबा, वाकून बोला की. अरे, तिच्यानंतर तू." बाईंचा पट्टा थांबेना. मुख्याध्यापकांनी जांभई दिली.

सभापतीच्या खुर्चीत वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी होती. वर्षभरात हूं की चूं केलं नव्हतं. तिला फक्त ‘पुढचे’ एवढंच म्हणायचं होतं.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्याकडे चिठ्ठीच नाही. मग सगळ्यात जास्त तुम्हीच का बोलताय?"

वर्ग खुसखुसला. बाई लाल झाल्या. "घाला मग तुमचा गोंधळ तुम्हीच," असं म्हणून धपकन खाली बसल्या.

मग खेळाडू झालेल्या मुलीने चिठ्ठी पालथी ठेवली. "शहराचं जाऊ दे. आपल्याच मैदानावर मुख्याध्यापक सरांची गाडी असते. बरोबर गोलच्या पुढ्यात."

"सावली तेवढीच आहे. त्यांनी लावायची कुठे?" ड्रायव्हर म्हणाला.

"म्हणजे गाडी सावलीत आणि आपण उन्हात?"

आता सगळेच बोलायला लागले. चिठ्ठ्या बाकाखाली गेल्या. बाईंनी डोळे मिटले. तासही गेला, आता नोकरीही जाणार. या कार्ट्यांना आजच वाचा फुटायची होती.

मुख्याध्यापक उठले. "हे बघा, ती गाडी तिथे..."

"सर, हात वर करा," सभापती म्हणाली. "आधी दहा जण आहेत. तुमचा नंबर अकरावा."

मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाई टेबलाकडे पाहत राहिल्या. ते सावकाश खाली बसले आणि त्यांनी हात वर केला.

आठवा बोलत असताना घंटा झाली. सरांचा हात अजून वरच होता.

"बाई," दारातून जाता जाता ते चिडून म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी पहिला नंबर माझा."